दुसऱ्या कॅमेऱ्याची फाइल

दारात उभा असलेला तो उंच मुलगा चपला काढायच्या आतच म्हणाला, "व्हिडिओ चांगलाय. तुमचा कॉम्प्युटर दमला असंल."

न बघताच निदान. मला रागच आला. सत्यमदादाच्या लग्नाचा व्हिडिओ अडखळतोय, माणूस पाठवा, असा फोन मीच सकाळी स्टुडिओला केला होता. आवाज पुढे पळायचा आणि चित्र मागे राहायचं. लग्न लावणाऱ्या स्वामींचं मंगलाष्टक संपून टाळ्या वाजायच्या, तरी पडद्यावरच्या लोकांच्या मुठीत अक्षता तशाच.

"खुर्ची तिकडं आहे," मी कोरडेपणानं म्हणाले.

त्याचं नाव केदारनाथ. मूळचा धर्मापुरीचा, गेवराईत स्टुडिओत कामाला. लग्नात दोन कॅमेरे होते, त्यातला दुसरा याच्या हातात होता म्हणे. मला काही तो आठवत नव्हता.

व्हिडिओची एवढी घाई हौसेपायी नव्हती. लग्नात आईची सोन्याच्या पुतळ्यांची माळ हरवली होती, जेवणाच्या वेळी. मांजरसुंब्याच्या उज्ज्वलाआत्यानं लगेच छबुबाईंचं नाव घेतलं. छबुबाई बावीस वर्षं आमच्याकडे स्वयंपाकाला होत्या, मला त्यांनीच भाकरी थापायला शिकवलं. त्यांना तोंडावर कुणी काही विचारलं नाही. आईनं फक्त त्यांच्यासमोर कपाटाला कुलूप लावलं... दुसऱ्या दिवसापासून त्या आल्याच नाहीत. म्हणून मी स्टुडिओतून न कापलेल्या, कच्च्या फायली मागून आणल्या होत्या. कुठंतरी माळ दिसेल, या आशेवर.

केदारनाथनं फाइल चालू केली आणि बाजूला एक छोटी खिडकी उघडली.

"हे बघा. शंभर टक्के ताकद लावायलाय बिचारा. फोर-के म्हणजे साध्याच्या चौपट चित्र. वरून ह्या फायली नव्या पद्धतीनं घट्ट दाबून बसवलेल्या. ह्या जुन्या मशीनला उलगडायलाच दम लागतो."

त्यानं आधी फायली पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटरमध्ये घेतल्या. फारसा फरक पडला नाही. मग ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर टाकला, प्लेअरच्या सेटिंगमध्ये काहीबाही बदललं. आता दादा चार पावलं नीट चालला, पाचव्या पावलाला पाय हवेतच राहिला.

"लहान कॉपी करावी लागंल," तो म्हणाला. "चित्र जरा कमी बारीक, पण अडकायचं न्हाई. पहिल्या कॅमेऱ्याचं दीड-दोन तासांत होईल."

"आणि दुसऱ्याचं?"

त्याचा हात माउसवर थांबला. "ते... राहू द्या."

"कावून?"

"त्यात काय न्हाई. नुसती जेवणावळ हाय."

माळ जेवणावळीतच गेली होती. आणि लग्नात सगळीकडं फिरणारा, खोलीत-मांडवात कुणी न अडवणारा माणूस कोण असतो? कॅमेरावाला. मी त्याच्याकडं पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"दुसऱ्याचं आधी करा," मी म्हणाले, आणि खुर्ची ओढून थेट दारातच बसले.

पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. खिडकीतून खालच्या आमच्या दुकानातल्या मिरचीचा खाट येत होता. तो शिंकला. मी हसू दाबलं.

"असं एकटक बघायलात," तो पडद्याकडं तोंड करूनच म्हणाला, "चोर हाय का मी?"

"अजून ठरलं नाही."

"ठरल्यावर सांगा. तवर चहा मिळंल का?"

चहा मी आईलाच आणायला सांगितला. दार सोडायची माझी तयारी नव्हती. त्यानं बशीत ओतून हळूहळू फुंकर घातली, आणि एकदाच — एकदाच — वर बघितलं. मी नजर हलवली नाही. त्यानंच हलवली. असा घाबरतोय म्हणजे नक्की काहीतरी आहे, असं मनात आलं. आणि हा खरंच चोर निघाला तर मला वाईट का वाटेल, हे काही कळेना.

चारच्या सुमारास पट्टी भरली. तो चटकन उठला. "तुमी बघा. मी खाली कल्याणरावांजवळ दुकानात बसतो."

"बाबांना गिऱ्हाईक आहे. इथंच बसा."

मी फाइल चालू केली. चित्र पाण्यासारखं वाहत गेलं, कुठंही न अडकता. आणि त्यात... मी होते.

मी गजरे वाटत होते. मी वाढप्याला रागवत होते. हात शिऱ्यानं भरलेले म्हणून मनगटानं केस मागं सारत होते. मध्येच कॅमेरा कर्तव्य आठवल्यासारखा पंगतीवर जायचा, दोन आजोबा दाखवायचा, आणि गुपचूप परत यायचा. अकरा मिनिटं.

"म्हणून म्हणलो, राहू द्या," तो कीबोर्डकडं बघत म्हणाला. "चुकलंच माझं."

मी खूप काही बोलणार होते. शब्द जुळवतही होते... तेवढ्यात पडद्यावर माझ्या पाठीमागं आई दिसली. तिच्या माळेचा आकडा पदराच्या जरीत अडकला होता. तिनं तो सोडवला, माळ काढून रुमालात गुंडाळली आणि खुर्चीला टांगलेल्या ओटीच्या पिशवीत टाकली. कुणीतरी हाक मारली म्हणून तशीच निघून गेली. जरा वेळानं उज्ज्वलाआत्या आली आणि आपल्या ओटीची म्हणून पिशवी उचलून घेऊन गेली.

मी तीनदा मागं नेऊन पाहिलं. मग आईला बोलावलं. ती बघता बघता पलंगावर बसली. "मीच ठेवली गं, आणि विसरले," एवढंच म्हणाली.

बाबांनी वर येऊन आत्याला फोन लावला. पलीकडं बराच वेळ भांडी सरकवल्याचा आवाज आला. मग आत्याचा बारीक झालेला आवाज: "हाय... पिशवीतच, नारळाच्या खाली."

आई आणि मी तशाच उठून छबुबाईंच्या घरी गेलो. त्या चुलीपुढं होत्या. आईनं सगळं सांगितलं, हात जोडले. छबुबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

"सापडली, बरं झालं," त्या म्हणाल्या. "पर मला यायला चार दिवस लागतील, नीलाबाई. मन लगेच न्हाई यायचं."

आई चुलीशेजारी जमिनीवर बसली. मी एकटीच परतले.

केदारनाथ आमच्या जिन्यात बॅग घेऊन उभा होता. पहिल्या कॅमेऱ्याची कॉपीही झाली, असं म्हणाला. निघाला मात्र नाही.

"एक सांगू?" मी म्हणाले. "छबुबाईंवर एकदा मीही संशय घेतला. मनातल्या मनात. आणि आज तुमच्यावर."

त्यानं बॅग पायरीवर ठेवली. "त्यांच्यावरचा चुकला तुमचा. त्यांना सांगा कधीतरी. माझ्यावरचा बरोबर होता... चोरून बघतच होतो की."

"स्टुडिओत ती फाइल अजून आहे?"

"हाय. तेवढा तुकडा आजच उडवतो."

"उडवा," मी म्हणाले. "बघायचं असेल तर समोर येऊन बघावं. कॅमेरा न आणता."

तो पायरीवरच खिळला. "कधी येऊ?"

"छबुबाई आल्यावर. त्यांच्या हातचं जेवायला."

छबुबाई पाचव्या दिवशी आल्या. चुलीपुढं त्यांच्याशेजारी बसून मी माझा संशयही सांगून टाकला. त्यांनी माझ्या डोक्यात पिठाच्या हातानं टपली मारली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

सहाव्या दिवशी तो आला. रिकाम्या हातानं, इस्त्रीचा शर्ट घालून. बाबांशी पावसापाण्याचं बोलला, धर्मापुरीच्या देवळाचं बोलला, ताटातलं मुकाट्यानं संपवलं. आणि सगळा वेळ नजर खाली, फरशीवर. छबुबाई माझ्याकडं बघून पदराआड हसत होत्या.

शेवटी सगळे उठल्यावर मीच त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि हळूच म्हणाले, "आता बघा की."

त्यानं बघितलं.