दोन कानांत दोन गाणी

"शिवी कुठेय माझ्या गाण्यात? दाखवा!"

दार न ठोठावता आत आलेला तो माणूस इतक्या जोरात ओरडला, की तिच्या हातातला चहा बशीत सांडला. रेडिओ स्टेशनच्या त्या काचेच्या खोलीत ती रोज नवी गाणी ऐकायची आणि शिवी सापडली की तिथे बीप लावायची. सगळे तिला बीपबाईच म्हणत. सात वर्षांत आपला कान चुकला नाही, हे ती भेटेल त्याला ऐकवायची.

"या कानांनी ऐकलीय," ती म्हणाली. "आणि आवाज खाली! नाहीतर तुम्हालाही बीप लावीन."

तो गीतकार होता. आयुष्यातलं पहिलं गाणं. 'तू हसलीस की माझी बस सुटते' अशी साधीसुधी ओळ, आणि हिने नेमकी 'बस'च झाकलेली! आता लोक फोन करून अंदाज बांधत होते. कुणी म्हणे, चड्डी सुटते. कुणी त्याच्याही खाली घसरलेले. आणि हे बीप लागलेलं गाणं त्याच्या आईने अख्ख्या इमारतीला रेडिओसमोर बसवून ऐकवलं होतं.

"आई माझ्याशी बोलत नाहीये," तो म्हणाला. "ताट समोर आदळते आणि आत निघून जाते."

"बरोबरच करतात!"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्याही. अकराच्या ठोक्याला यायचा, कचाकचा भांडायचा... आणि जाताना तिच्या टेबलावरचा रिकामा ग्लास भरून ठेवायचा. चौथ्या दिवशी सव्वाअकरा झाले तरी त्याचा पत्ता नाही. मेल्याला भांडायलासुद्धा वेळेवर येता येत नाही! तिला त्याचा राग आला, मग वाट पाहणाऱ्या स्वतःचा त्याहून जास्त.

तो आला तशी ती फणकारली, "बसा. एकदाच ऐका आणि तोंड बंद करा."

तिने मूळ गाणं लावलं. बस. स्वच्छ, ठणठणीत बस.

तिने ते पुन्हा लावलं. पुन्हा बसच. दोन तासांत साठ गाणी उरकायची म्हणून ती डाव्या कानात एक आणि उजव्या कानात दुसरं गाणं लावायची. शिवी उजवीकडच्या गाण्यात होती आणि बीप लागला डावीकडच्याला. ते दुसरं गाणं शिवीसकट घराघरांत वाजलं होतं. बीपबाईचा कान चुकत नाही, मग ते कुणी सोडलं, म्हणून साहेब चार दिवस थयथयाट करत होते.

"कुणाला सांगू नका," तो हळूच म्हणाला. "नोकरी जाईल तुमची. आईला मी... काहीतरी सांगेन."

"उपकार नकोत मला!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचंच. "चार दिवस घसा फोडून भांडलात, आणि जिंकल्यावर माघार?"

"मला वाटायचं, मी भांडायला येतो... काल कळलं, तसं नाहीये."

संध्याकाळी पाचला ती माइकसमोर जाऊन बसली. "त्या गाण्यात शिवी नव्हती. शिवी दुसऱ्याच गाण्यात होती, चूक माझ्या कानांची. गीतकाराच्या आईंनी आता त्यांच्याशी बोलावं." आणि तिने अख्खं गाणं वाजवलं. सव्वापाचला साहेबांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

जिन्यात तो उभा होता. लालबुंद.

"अक्कल गहाण ठेवलीस का? चांगली नोकरी घालवलीस!"

"अहोजाहो कुठे गेलं?"

"खड्ड्यात!"

"आई बोलल्या?"

"बोलल्या? फोनवर शिव्या घालतायत! म्हणे, त्या पोरीची नोकरी घालवून एकटा घरी आलास तर तंगडं मोडीन."

तिला हसू फुटत होतं, पण तिने ते दाबलं. "मी येणार नाही. मी फार चिडलेय."

"मीही." तो एक पायरी वर आला. मग अडखळला... "हात धरला तर ओरडशील?"

"नाही धरलास, तर ओरडेन."