आतून घातलेले टाके

यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. बेबाबाई माझी सख्खी मावशी. तिच्या डोळ्यांदेखत घडलंय हे.

आणि रात्री नाही... भर दुपारी.

मे १९९४. शिंदखेड्याजवळची कोरडी नदी.

त्या वर्षी डायनासोरचा इंग्रजी सिनेमा जिकडेतिकडे गाजत होता. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या रुपचंदने ठरवलं, आपणही तसाच काढायचा. ट्रकच्या ट्यूब आणि गोणपाट जोडून मावशीने त्याला डायनासोर शिवून दिला. आत शिरायचा तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा तोताराममामा. पाठीला पुरेल एवढी लांब चेन मिळाली नाही. म्हणून दर शॉटला मावशी त्याला दाभणाने आत शिवायची, मग उसवून बाहेर काढायची.

वाळूत पुठ्ठ्याचं गाव मांडलं होतं. ऊन मी म्हणत होतं.

दोन वाजता आतून आवाज आला, "अक्का, जीव घाबरस मना. उसवी टाक."

मावशीने भराभर टाके कापले. मामा घामाने निथळत बाहेर पडला आणि पाण्याची कळशी घेऊन काठावरच्या बाभळीखाली गेला. रिकामा डायनासोर वाळूत पडून राहिला.

रुपचंद खवळला. "बठ्ठा दिन वाया जाई! शिव त्याले परत!"

"मरी जाई तो!" मावशीही भडकली.

भांडण चालू असतानाच मागून आवाज आला...

खर्र... खर्र...

शेपटी वाळूत घासल्याचा.

दोघांनी वळून पाहिलं. डायनासोर उभा होता.

"दख! नाटक करी राहिंता तो." रुपचंदने लगेच कॅमेरा सुरू केला.

डायनासोर पुठ्ठ्याची घरं तुडवत निघाला. एकेक घर. सावकाश. एकही न सोडता.

मावशीला एकच कळेना. याची पाठ शिवली कोणी?

दाभण तर तिच्याच हातात होतं.

शेवटचं घर चिरडून तो तिच्यापाशी आला. वळला. पाठ तिच्याकडे करून थांबला.

पाठ शिवलेली होती. टाके घट्ट, सारखे. पण गाठ कुठेच दिसेना...

टाके आतून घातले होते.

"कोन शे रे मझार?" मावशी कशीबशी म्हणाली.

आतून येणारा श्वासाचा आवाज थांबला.

आणि बाभळीखालून आवाज आला, "अक्का... मी आठे शे."

मावशीच्या हातून दाभण गळालं. रुपचंदला मात्र वाटलं, दुसऱ्याच कोणाला आत घालून ही भावंडं आपली टर उडवताहेत. शिवी हासडत त्याने कात्रीने पाठ फाडली आणि हात आत घातला. खांद्यापर्यंत.

त्याने हात मागे ओढला. निघेना.

मग ओरडायला लागला.

मावशी आणि मामाने कंबरेला धरून त्याला ओढलं, तेव्हा कुठे हात सुटला. डायनासोर जागच्या जागी खाली बसला. आत काहीच नव्हतं.

तिघांनी तो तिथेच जाळला. मामा महिनाभर तापाने फणफणला, पण वाचला. आत काय होतं, ते रुपचंदने कधीच सांगितलं नाही. मावशीने फारच खोदून विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाला, "हात धरेल शे... आजून."

गेल्या वर्षी धुळ्याच्या स्टँडवर मी त्याला पाहिलं. म्हातारा झालाय. एकटाच चालला होता. उजवा हात मात्र अंगापासून दूर... मागे.

कोणीतरी धरून ठेवल्यासारखा.

मी हाक मारली नाही.