दुपारचा घाणा

"पैज लावतो, कुणालाही पटायचं नाही," म्हणत भट्टीवाल्या नानांनी बाकावर बैठक मारली. ऐकायला टॉवरचा वॉचमन आणि चहा घेऊन खाली आलेली त्यांची लेक.

हे उपनगर आधी वीटभट्ट्यांचं. मग बिस्किटांचा कारखाना आला आणि त्याच्या पाठोपाठ कामगारांच्या खोल्या. घरात घड्याळ नसलं तरी इथे कुणाचं अडत नसे. दुपारचा घाणा निघाला की गोड वास गल्लीगल्लीत शिरायचा आणि निजलेली पोरं उठून बसायची. पुढे कारखान्याला टाळं लागलं, धुरांडं पाडलं, टॉवर उभे राहिले. वास मात्र दुपारी येतच राहिला. नव्या बिऱ्हाडांनी तक्रारी केल्या. गॅसवाले येऊन जिथेतिथे नाक खुपसून गेले. काही सापडलं नाही.

सगळ्यांना यायचा. नानांना नाही. कारखान्यात बिस्किटांच्या भट्टीच्या धगीत त्यांचं नाक तरुणपणीच मेलं होतं, आणि हे गुपित फक्त त्यांना आणि त्या नाकालाच ठाऊक. बायको पॅकिंगला होती. कारखाना सुटला की फाटकाशी वेणीचं टोक त्यांच्या नाकापुढे धरायची. "ओळखा, आज कुठली बिस्किटं?" नाना काहीतरी ठोकून द्यायचे. बरोबर निघालं तर ती हसायची. चुकलं तर काही न बोलता पुढे चालू लागायची. ती गेली, त्यालाही वर्षं लोटली. "मला वासच येत नाही गं" एवढं सांगायचं राहूनच गेलं.

"तर आत्ता खाली पार्किंगमध्ये गेलो होतो," नाना म्हणाले. "पॅकिंगची शेड होती ना, तिथेच. दिवा फडफडला. आणि खांबामागून ती आली."

"ती कोण?" वॉचमनने विचारलं.

"हिची आई. हात पिठाने पांढरे. माझी बाही धरली, वेणी पुढे केली. ओळखा, म्हणाली."

"बाबा, पुरे."

"वेलची, म्हटलं मी. अशी हसली म्हणून सांगू!"

ती हसली नव्हती.

खरं सांगायलाच नानांनी तिच्यापुढे तोंड उघडलं होतं. पण जिभेला सवय जुनीच. 'वेलची' ऐकताच बायको काही न बोलता खांबामागे निघून गेली होती.

वॉचमन खो खो हसला. "नाना, काय एकेक थापा मारता!"

लेक हसली नाही. कप द्यायला ती त्यांच्या बाहीपाशी वाकली आणि तशीच राहिली.

"खोटं, बाबा," ती हळूच म्हणाली. "वेलची नाही. खोबरं आहे."