चौकटीवरचा हात

आदिलाबादच्या कोर्टात दुपारी कामापेक्षा चहाच जास्त चालतो. सहायक सरकारी वकील यामिनीचा चहा मात्र समोर गार होत होता. पोलीस तिघा आरोपींना आत आणत होते. एकेकानं दारातून येताना उजव्या चौकटीला बोटं टेकवली आणि तीच बोटं ओठांना लावली.

नाटकं मेल्यांची, तिला वाटलं. कोर्टाची टर उडवतात, नाहीतर बाहेर कुणाला खूण करतात.

खटला होता मावला गावाच्या वाटेवरच्या दगडी सिनेगॉगचा. कापसाच्या जिनिंगची यंत्रं बसवायला कोकणातून आलेल्या मराठी ज्यू कुटुंबांनी ते कधीकाळी बांधलं. गाव त्याला शनिवारवाल्यांचं देऊळ म्हणतं. आज जिल्ह्यात ज्यू औषधालाही सापडायचा नाही, पण द्वेष करायला माणूस समोर लागतोच असं कुठं आहे? मोबाइलवरच्या एका ग्रुपनं हुकूम सोडला. ज्यांनी जन्मात ज्यू पाहिला नाही त्या पोरांनी तोंडं बांधून भिंतीवर शिव्या लिहिल्या, दिवा फोडला, दाराच्या चौकटीवरची पितळी डबी उपटली आणि वर व्हिडिओही टाकला. त्याच्या शेवटी मोबाइल धरणाऱ्याचा हात पुढं येतो आणि डबी घेतो. चौथ्या माणसाचं एवढंच दिसतं. ग्रुप तोच चालवायचा. तिघंही त्याचं नाव घेत नव्हते आणि डबीही मिळाली नव्हती. तो मोकळा राहिला तर उद्या दुसरी पोरं दुसऱ्या दारावर जाणार, हे यामिनीला स्वच्छ दिसत होतं.

त्यातून फितुरी. सिनेगॉगसमोरच्या चहाटपरीवाल्या माणिकरावांची साक्ष होती त्या दिवशी सकाळीच त्यांच्या घराचा फोटो ग्रुपवर आला. कोर्टात ते मान खाली घालून म्हणाले, "मले काई ठाव नाई." त्यांचं नाव यामिनीच्या फाइलबाहेर कुठंच नव्हतं.

तिला संशय फाइल ने-आण करणाऱ्या हवालदार खुशालचा. नवरा जयदीप पाटबंधारे खात्यात इंजिनिअर, स्वभावानं शांत. चहाचा कप तिच्या कागदांशेजारी ठेवत तोही म्हणाला, "त्या खुशालवर नजर ठेव. कुंपणच शेत खातं." तिला बरं वाटलं. घरात बोलायला माणूस होतं. बाकी घरात तक्रार एवढीच, की दिवाळीत रंगवलेल्या दाराच्या चौकटीवर तेलकट डाग पडला होता आणि त्यावरून लेकीला, छोट्या स्वराला तिनं दोनदा झापलं होतं.

ती खुशालवर नजर ठेवू लागली. एकदा तोच कुजबुजत आला.

"मॅडम, हे पोट्टे जेलातबी तसंच करून राह्यले. बराकीच्या दाराले, संडासाच्या दाराले. तिघायले अलग ठेवलं तरी."

"काऊन करतात, विचारलं नाही?"

"विचारलं ना. तो पियुष म्हणे, काय करतो आमी? त्यायले मालूमच नाई."

खोटं बोलतो तो पोरगा, असं म्हणत तिनं पुढच्या तारखेला पियुषचे हात पाहिले. उजव्या बोटांची टोकं सोलून निघाली होती. तिनं पाहिलं तसा तोही आपल्या बोटांकडे पाहत राहिला. त्याच्या डोळ्यांत टर नव्हती, भीती होती.

सिनेगॉगची किल्ली सोजरबाईकडे असे. शेजारच्या वाफ्यात तिची वांगी. शनिवारी त्या लोकांत विस्तव पेटवत नसत, म्हणून दिवा लावायला तिच्या सासूला बोलवत, तेव्हापासूनची ती किल्ली. यामिनी तिथं गेली तेव्हा चौकटीवर खिळ्यांची दोन भोकं उरली होती.

"त्या डबीत देवाचं वचन व्हतं," सोजरबाई म्हणाली. "ते लोकं आत जाताना, बाहेर येताना तिले असा हात लावत." तिनं बोटं ओठांशी नेली, अगदी त्या पोरांसारखी.

यामिनीनं विचारलं, "पोरांना हे कुणी शिकवलं?"

"कोन शिकवीन, बाई? मी जनमभर फडक्यानं पुसली ती डबी, मले काई झालं नाई. ज्यायनं उपटून नेली, त्यायचेच हात चौकटीले जाऊन राह्यले." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तो चौथा म्या पाह्यला. तोंडाचं फडकं सोडून घाम पुसत व्हता. समोर आला तर वळखीन."

यामिनीनं न्यायाधीशांकडून सोजरबाईचं नाव बंद लिफाफ्यात ठेवून घेतलं. खुशालला सांगितलं नाही, कारकुनाला नाही. या वेळी घरीसुद्धा चकार शब्द काढला नाही. ही म्हातारी फुटली असती तर खटला तिथंच संपला असता.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी जयदीप लवकर आला. दार उघडंच होतं. कुकरची शिट्टी झाली म्हणून यामिनी हात पुसत बाहेर डोकावली.

तो वाकून बुटाची नाडी सोडत होता. बूट काढून त्यानं आत पाऊल टाकलं.

त्याचा उजवा हात वर गेला. चौकटीवरच्या त्या डागावर टेकला. मग ओठांवर.

त्याचं लक्षही नव्हतं.

स्वराचा हात तिथवर पोचतच नव्हता. हे इतके दिवस कसं सुचलं नाही?

"आज काऊन लवकर?" ती म्हणाली. आवाज तिलाच परका वाटला.

"म्हटलं, तुझ्यासोबत चहा घेऊ." त्यानं पिशवी खुंटीला अडकवली आणि सोललेली बोटं रुमालाला पुसली. "मग? उद्या साक्ष कोणाची?"