तिच्या तोंडी नूडल्स, त्याच्या तोंडी पास्ता

"नूडल्स आधी की पास्ता?"

एवढंच विचारायचं होतं. मैत्रिणींनी पैजच लावली होती: कोपऱ्यावरच्या नूडल्सच्या दुकानात शिरायचं, काचेमागे पीठ ओढणाऱ्या त्या मुलासमोर उभं राहायचं आणि हा प्रश्न विचारून यायचं. दुसरी कुणी असती तर त्यात काय मोठंसं! पण ठिणगीनं विचारायचं (वर्गात तिला सगळे ठिणगीच म्हणत) म्हणजे वाघाच्या गुहेत जाऊन, दात मोजू का, असं म्हणण्यासारखं होतं. कारण त्याच गल्लीत, बरोब्बर समोर, तिच्या बाबांचं ताज्या पास्त्याचं दुकान होतं आणि दोन्ही दुकानांत छत्तीसचा आकडा. त्या मुलाचे वडील, नूडल्सवाले काका, एकदा भर गिऱ्हाइकांत म्हणाले होते की पास्ता म्हणजे आमच्याच नूडल्सचं लेकरू, एक प्रवासी पूर्वेकडून घेऊन गेला म्हणून तुम्हाला मिळाला. बाबांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्या दुकानाची पायरी चढायची नाही, हा घरचा कायदाच झाला.

पण गेल्याच महिन्यात वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळवलेली मुलगी पायऱ्यांना भिते होय? चढली.

आत वाफच वाफ. तो तिच्याच वयाचा, शाळेच्या गणवेशावरच एप्रन बांधलेला, पापण्यांवर पीठ. कणकेचा जाड दोर फळीवर आपटायचा, हात पसरून ओढायचा, दुमडायचा आणि स्वतःशीच पुटपुटायचा, "एकाचे दोन… दोनाचे चार…" काचेला नाक लावून उभ्या मैत्रिणी त्यावर अशा फिदीफिदी हसल्या की ठिणगीची कानशिलं तापली. सभागृह गाजवणारा तिचा आवाज ऐन वेळी मांजरीच्या पिल्लासारखा निघाला. पण निघाला!

त्यानं वर पाहिलं. "समोरची ना तू?"

"हो. मग?"

"उत्तर हवंय की भांडण?"

"दोन्ही चालेल."

तो हसला… आणि हातातला दोर मधोमध तुटला. पातेल्यापाशी उभ्या त्याच्या आईनं चमकून पाहिलं. "माझा असा कधी तुटत नाही," तो म्हणाला, आणि त्याचे कान लालभडक झाले.

शनिवारी दोघांनी आपापले पुरावे घेऊन यायचं, असं ठरलं.

आता लायब्ररीत जाऊन तिनं शोधायला हवा होता पास्ता. पण पहिल्याच पुस्तकात तिला एक वाडगा भेटला. एका मोठ्या नदीकाठी, पुराच्या गाळाखाली, चार हजार वर्षं पालथा पडलेला. उचलला तर खाली पिवळ्या, बारीक, लांबलचक नूडल्स! राळं नावाच्या बारीक भरडधान्याच्या पिठाच्या म्हणे, आणि राळं इतकं ओढलं जातं का यावर विद्वान अजून भांडतायत. तिला भांडणाचं काही नव्हतं. कोण जेवत होतं, हातातला वाडगा कसा निसटला, हा विचार आला आणि लगेच वाटलं — हे त्याला सांगायला हवं. आत्ताच्या आत्ता.

त्याच भरात घरी तिनं बाबांच्या रव्याच्या कणकेचा गोळा घेऊन ओढून पाहिला. तटकन तुटला. दुसराही. तिसऱ्याला बाबा मागे उभे. ही कणीक लाटायची असते, ओढायची नसते, हे बाळपणापासून ठाऊक असलेल्या मुलीला आज हे सुचलं कुठून, असं त्यांनी विचारलं. बाबांनी समोरच्या वाफाळलेल्या काचेकडे पाहिलं. "तिकडे दिसलीस ना," ते हळू म्हणाले, "तर बघ." ते ओरडले असते तर परवडलं असतं.

शनिवारी ती गेलीच. जिभेवर वाडगा तयार. काकांचंच खरं, चार हजार वर्षांपूर्वीपासून नूडल्सच आहेत, असं ती एका दमात बोलून मोकळी झाली.

"चूक," तो म्हणाला. मग तोही सुटला. तो प्रवासी जन्मायच्या शंभर वर्षं आधी एका भूगोलकारानं लिहून ठेवलंय, सिसिली बेटावर पिठाच्या सुक्या तारा बनत आणि जहाजं भरभरून परदेशी जात. म्हणजे प्रवाशानं आणायच्या आधीच तिकडे होत्या. "बाबांनाही सांगितलं. कालपासून बोलत नाहीत माझ्याशी."

ती बघतच राहिली. "तू माझी बाजू शोधत बसलास?"

"तू नाही माझी शोधलीस?"



"मी भांडायला आले होते रे," ती म्हणाली.

"मीसुद्धा भांडायलाच पुस्तक उघडलं होतं. पण प्रत्येक पानाला वाटायचं…" त्यानं हातावरचं पीठ उगाच झटकलं. "तूच जिंकावीस."

"मलापण," ती म्हणाली. मग वाटलं, हे फारच कमी झालं. "म्हणजे… मला तू आवडतोस."

त्यानं कणकेचं एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. दोघं मागे मागे सरकली. दोर लांबला, थरथरला, तुटला मात्र नाही! ती आनंदानं जागच्या जागी उड्या मारू लागली. रोज ये, तो म्हणाला; मागच्या दारानं, म्हणजे कुणाला कळणार नाही.

मागच्या दारानं? तिचं हसू थांबलं. चोरी केल्यासारखं? तिनं त्याला एप्रन काढायला लावलं, हाताला धरलं आणि भर गल्ली ओलांडली.

त्याला दाराबाहेर थांबवून ती दुकानात शिरली. आई लाटलेल्या पास्त्याच्या पट्ट्या कापत होती. आधी तिला लेकीचे कोपरापर्यंत पिठानं माखलेले हात दिसले. मग बाबांचं लाटणं थांबलं. ठिणगीनं एक मोठा श्वास घेतला.

"बाबा, पास्त्याबद्दल तुमचं खरं होतं. पुरावा समोरच्या मुलानं शोधलाय, आणि त्यापायी घरी अबोला ओढवून घेतलाय. मी तिकडे गेले होते. अभ्यास झाला की रोज जाणार, ओढायला शिकायला. तुम्हाला दिसेल अशी जाणार. आणि आई, मला तो आवडतो. बाहेर उभा आहे बिचारा. मी त्याला आत घेऊन येतेय."