काचेतलं झाड

“‘हिंस्र’ हा शब्द हवाच,” वकील म्हणाली. “नुसतं ‘बोका पक्षी मारतो’ एवढंच लिहिलं तर कोण लक्ष देणार?”

“भाऊ हिंस्र नाहीये,” शेपूट बोक्याची बाजू घेत म्हणाली. “तो दिवसभर झोपलेला असतो.”

“गुन्हेगार झोपत नाहीत, असं कुठे लिहिलंय?”

वकिलापुढे कुणाचंच काही चालायचं नाही. वय वर्षं तेरा, पण आंघोळ आज का करायची नाही हे ती आईला तीन मुद्द्यांत पटवून देऊ शकायची. शेपूट ही तिची आठ वर्षांची धाकटी बहीण. ताई जिथे जाईल तिथे ती मागोमाग हजर, म्हणून शेपूट. आणि तिसरा दुर्बीण, त्यांचा मित्र. त्याचा चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड होता, पण पानाआड बसलेला पक्षी सगळ्यांत आधी त्यालाच दिसायचा.

सुट्टी लागल्यापासून तिघं रोज सकाळी साडेसहाला वाचनालयामागच्या बागेत पक्षी मोजायला यायची. तासभर मोजायचं आणि वहीत मांडायचं. पहिल्या दिवशी एकसष्ट पक्षी होते. आज चौदाव्या दिवशी अडतीस. आणि कालच झुडपाखालून बाहेर येणारा बोका त्यांना दिसला होता, तोंडात चष्मेवाला धरून. डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला तो इवलासा हिरवा पक्षी दुर्बिणीचा सगळ्यांत लाडका. चष्म्याचा धर्म एकच, असं तो म्हणायचा.

“पुरावा आहे, साक्षीदार आहेत,” वकील म्हणाली. “आणखी काय पाहिजे?”

तक्रारीचं पत्र तिनेच आत नेऊन दिलं. वाचनालयाचे व्यवस्थापक मुलांना पाहिलं की कपाळाला आठ्या घालत. पण पत्र वाचता वाचता त्यांच्या आठ्या एकेक करून गेल्या.

“अगदी बरोबर,” ते म्हणाले. “बोकाच. मला वाटतच होतं. शुक्रवारी पकडायला गाडी बोलावतो.”

मोठं माणूस एवढ्या पटकन आपलं ऐकतं, याचं वकिलाला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. पण ती खुशीत होती.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, फाटक उघडणाऱ्या वॉचमनकाकांचा चेहरा उतरला होता. एरवी ते मुलांना ‘काय मंडळी, हजेरी घ्यायला आलात?’ असं विचारायचे. फाटकाशेजारच्या खोलीत ते एकटे राहत. एकटे म्हणजे ते आणि तो बोका. त्याला ते भाऊ म्हणत.

“कुणीतरी तक्रार केलीय म्हणे भाऊची,” ते म्हणाले. “परवा गाडी येणार. कालपासून खोलीत कोंडून ठेवलाय त्याला. म्हटलं, आता तरी कुणी नाव घेणार नाही.” मग त्यांनी वकिलाकडे पाहिलं. “तुम्ही रोज इथे असता. तू कधी बघितलंस का गं त्याला पक्षी मारताना?”

“नाही,” वकील म्हणाली.

ते खरं होतं. तिने त्याला मारताना पाहिलं नव्हतं, मारलेला नेताना पाहिलं होतं. कोर्टात असं उत्तर चाललं असतं. इथे मात्र ते बोलल्याबरोबर तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि ती भरभर पुढे चालू लागली.

नव्या वाचनदालनाच्या भिंतीपासून जरा लांब, झुडपाआड शेपूट खाली बसली होती. तिच्यासमोर काळा-पांढरा दयाळ पडला होता. तो मेला होता, पण पीसही विस्कटलं नव्हतं. दुर्बिणीने त्याला अलगद उचललं. मान एका बाजूला लोंबली. चोचीच्या टोकाशी रक्ताचा एकच थेंब होता.

“दाताची खूण नाही,” तो म्हणाला. “आणि अंग अजून कोमट आहे.”

“भाऊ तर कालपासून कोंडलाय,” शेपूट म्हणाली.

वकिलाने मान वर करून भिंतीकडे पाहिलं.

ती भिंत साधी भिंत नव्हतीच. जमिनीपासून छतापर्यंत एकसंध काच होती. दालनाचं उद्घाटन शनिवारी व्हायचं होतं, आणि काच नुकतीच पुसल्यासारखी ओली दिसत होती. दुर्बीण तिच्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने हात पुढे केला.

“ताई, हे बघ. मागचं मोठं झाड इथे आत आहे. फांद्या आहेत, आभाळ आहे. मी पक्षी असतो तर मीही सरळ आत उडालो असतो.”

इतक्यात कोपऱ्यावरून बादली, फडकं आणि एक टोपली घेऊन सफाईच्या मावशी आल्या. मुलांना बघून त्या दचकल्या. त्यांच्या टोपलीवर पोतं टाकलेलं होतं. शेपटीने ते उचललं. अशा गोष्टी ती विचारून करायची नाही.

टोपलीत सहा पक्षी होते. दोन चष्मेवाले, तीन चिमण्या, एक बुलबुल.

“झाक ते, पोरी,” मावशी हळूच म्हणाल्या. “फाटक उघडायच्या आत सगळं उचलून काच पुसायची, असा साहेबांचा हुकूम आहे. लांब जाऊन पडतो एखादा, तेवढाच राहतो.”

“कधीपासून चाललंय हे?” वकिलाने विचारलं.

“काच बसवली तेव्हापासून. रोज पाच-सहा.”

“आणि तुम्ही कुणालाच सांगितलं नाही?”

“मला विचारतंय कोण?” मावशींनी पोतं नीट पसरलं. “आणि माझं नाव कुठे घेऊ नका हं. हातातलं काम जाईल माझं.”

वकील तशीच व्यवस्थापकांच्या खोलीत गेली. तक्रार मागे घ्यायची आहे, असं तिने सांगितलं.

“तक्रार म्हणजे काय वाचनालयाचं पुस्तक आहे, वाचून झालं की परत?” व्यवस्थापक म्हणाले.

“पक्षी काचेवर आपटून मरतात. बोक्याने काही केलेलं नाही.”

“काचेवर एक तरी डाग दाखव मला.” ते हसले. “जा, सुट्टी आहे, खेळा.”

मावशींचं नाव घ्यायचं नव्हतं आणि डाग पुसलेले होते. वकिलाला आयुष्यात पहिल्यांदा पुढचा मुद्दा सुचला नाही.

“ताई, काकांना तरी सांग ना, पत्र आपलं होतं म्हणून,” घरी जाताना शेपूट म्हणाली.

“सांगते. उद्या.”

गुरुवारी सकाळी काका फाटकात उभे होते. वकिलाने तोंड उघडलं, पण ती म्हणाली, “आज ढग आलेत, नाही?” काका म्हणाले, “हो.” तेवढंच. शुक्रवारला अजून एक दिवस आहे, अशी तिने मनाची समजूत घातली.

गाडी शुक्रवारी आलीच नाही. ती गुरुवारी दुपारी आली. शुक्रवारी वाचनालयाच्या अध्यक्षीणबाई दालन बघायला येणार होत्या, त्याआधी व्यवस्थापकांना सगळं आटोपून टाकायचं होतं. संध्याकाळी शेपूट एकटीच बागेकडे गेली होती, ती रडत परत आली.

“काका पायरीवर बसलेत,” ती म्हणाली. “आत दिवासुद्धा लावला नाहीये.”

त्या रात्री वकील जेवली नाही. आईने कारण विचारलं. वकिलाने एकही कारण दिलं नाही, तेव्हा आईला खरी काळजी वाटली.

शुक्रवारी साडेपाचलाच तिघं फाटकाशी होती. काकांनी काही न विचारता कुलूप काढलं. त्यांच्याकडे बघायची वकिलाची हिंमत झाली नाही.

मुलं काचेपासून दहा पावलांवर गवतात बसली. दुर्बिणीच्या मांडीवर वही होती, शेपटीच्या मांडीवर बाबांच्या बुटांचा रिकामा खोका. उजाडू लागलं तसं काचेत झाड उगवलं. आधी धूसर, मग पानन् पान. मागच्या खऱ्या झाडावरून चष्मेवाल्यांचा थवा किलबिलत उठला आणि बागेवरून सरळ काचेतल्या झाडाकडे निघाला. बहुतेक सगळे शेवटच्या क्षणी वळले. एक वळला नाही. ठप्प असा आवाज झाला, अगदी लहानसा.

“पाच वाजून बावन्न मिनिटं,” दुर्बीण म्हणाला. त्याने चष्मा काढून पुसला आणि मगच लिहिलं.

सव्वासहापर्यंत पाच आवाज झाले. शेपटीने पाचही पक्षी खोक्यात कापसावर ठेवले. मावशी बादली घेऊन आल्या, तेव्हा त्यांना उचलायला काहीच उरलं नव्हतं. त्यांनी एकवार खोक्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं आणि नेहमीसारखी काच पुसायला घेतली.

दहा वाजता अध्यक्षीणबाई आल्या. म्हाताऱ्या, काठी टेकत चालणाऱ्या, पण नजर चांगली धारदार. व्यवस्थापक त्यांच्या पुढे-मागे करत होते. काका फाटक धरून उभे होते. वकील सरळ समोर गेली.

“बाई, मला साहेबांना फक्त दोन प्रश्न विचारायचेत.”

“मुलांनो, आता नाही,” व्यवस्थापक म्हणाले.

“दोनच आहेत. विचारू द्या,” बाई म्हणाल्या.

“साहेब, बागेत मेलेले पक्षी सापडतात, ते कोण मारत होतं?”

“तो बोका,” व्यवस्थापक म्हणाले. “तूच लेखी तक्रार केली होतीस. आम्ही ताबडतोब कारवाई केली.”

फाटकाची कडी वाजली. वकिलाने मागे वळून पाहिलं नाही, पण तिचे कान तापले.

“आता आवारात एकही मांजर नाही ना? अगदी नक्की?”

“एकही नाही. काल दुपारीच नेलं. मी स्वतः उभा होतो.” व्यवस्थापकांनी बाईंकडे अभिमानाने पाहिलं.

शेपूट पुढे आली आणि तिने खोका उघडला.

“हे पाच आज सकाळचे आहेत,” वकील म्हणाली. “पाच बावन्न ते सहा चौदा. वेळा वहीत आहेत. साहेब, बोका काल गेला. मग हे कुणी मारले?”

बाईंनी खोक्यात वाकून पाहिलं. मग त्या काठी टेकत काचेपर्यंत गेल्या आणि तिच्यातल्या झाडाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

“दोन महिने मी हे दालन कागदावर बघतेय,” त्या म्हणाल्या. “बाहेरून बघायचं मला सुचलं नाही. आणि तुम्ही तर रोज बघत होतात, व्यवस्थापक.”

व्यवस्थापक उद्घाटनाबद्दल, कंत्राटदाराबद्दल काहीबाही पुटपुटले. बाईंनी ते ऐकूनही घेतलं नाही. दुपारी शिडी आली, पांढऱ्या चिकटपट्ट्यांची बंडलं आली, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या काचेवर चार-चार बोटांवर उभ्या पट्ट्या लागल्या. खालच्या पट्ट्या मुलांनी लावल्या, वरच्या मावशींनी. काचेतलं झाड पिंजऱ्यात गेल्यासारखं दिसू लागलं. शनिवारी सकाळी तिघांनी कान देऊन ऐकलं. एकही आवाज झाला नाही.

उद्घाटनाला दालन भरलं होतं. बाईंनी तिघांना व्यासपीठावर बोलावलं. “मोठ्यांनी डोळे मिटले होते, ते या मुलांनी उघडले,” असं त्या म्हणाल्या. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत वकिलाची आई डोळे टिपत होती. वकील मात्र पुन्हापुन्हा दाराकडे बघत होती. काका कुठे दिसत नव्हते. टाळ्या थांबायच्या आतच ती खाली उतरली आणि बाहेर पडली.

काका आपल्या पायरीवर बसले होते.

“काका,” ती म्हणाली. “गाडीवाल्याला विचारलं आम्ही. भाऊला गावाबाहेर वखारींच्या मागे सोडलंय त्याने. काल संध्याकाळी आम्ही जाऊन आलो. नाही सापडला. उद्या परत जाणार आहोत.” मग एका दमात म्हणाली, “माझं चुकलं. पत्र मी लिहिलं. बुधवारीच तुम्हाला सांगायला हवं होतं. मी घाबरले.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं.

“त्याला पुढचे दात नाहीत गं,” ते म्हणाले. “म्हातारा झालाय तो. दुधात पाव भिजवून द्यायचो, तेव्हा खायचा. पडलेला पक्षी उचलून माझ्यासमोर आणून ठेवायचा नुसता. मला एकदा विचारायचं होतंस.”

वकील तिथेच उभी राहून रडली. आत पुन्हा टाळ्या वाजल्या. काकांनी तिला उगी केलं नाही, पण जा असंही म्हणाले नाहीत.

“उद्या किती वाजता निघणार?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

“सहाला.”

“मी येतो,” काका म्हणाले. “तुमच्या हाकेला यायचा नाही तो.”