फुगवट्यातून तन्नूची सायकल

साहेब लोकहो, तुम्ही खोटं बोललात. चुकून नाही, अंदाजानं नाही. खुर्चीत बसून, चहा पिता पिता खोटं बोललात. नवं बोरखेड ते दुसरबीड धरणाच्या काठाकाठानं बारमाही रस्ता आहे, असं तुम्ही गावकऱ्यांना सांगितलं आणि फाट्यावर निळी पाटी ठोकली. त्या रस्त्यावरून मी सायकल घेऊन गेले. तो कसा आहे ते आता ऐका.

मी रूपाली. जानेफळात पिठाची गिरणी चालवते. माझी शाळेपासूनची मैत्रीण आसमा नव्या बोरखेडला दिली आहे. जुनं बोरखेड धरणात गेलं, म्हणून हे नवं. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला दुसरबीडला जावं लागतं, आणि मोठ्या रस्त्यानं तो एवढा वळसा आहे की एसटी पोचेपर्यंत दोन तास होऊन जातात. आसमाची पोरगी तरन्नुम, घरात तन्नू, यंदा सातवीत आहे. आसमाचा नवरा जावेद माणूस वाईट नाही, पण भित्रा आहे. तो म्हणाला, "त्या पाटीवरच्या रस्त्यानं सायकल जात असली तं जूनमदी नाव टाकतो. नाई तं राहू दे घरी."

आसमानं मला फोन केला. "सव्वीस जानेवारी सोमवारी आली वो. गिरणी बंद ठेव अन् ये. आपणच पाहू सायकल जाते का नाई ते."

शनिवारी पहाटे गिरणीला कुलूप घातलं. दळण घेऊन आलेल्या वंदनाकाकूनं ओट्यावरूनच तोंड सोडलं, "या वयात सायकल! लेकरावानी!" मी म्हटलं, "काकू, मंगळवारी दळतो," आणि पायडल मारलं. मेहकर ओलांडलं, हायवेचे ट्रक अंगावर घेतले, दिवस कलताना बोरखेडला पोचले. पाय ओंडक्यासारखे झाले होते. तन्नू दारातच उभी. तिनं माझ्या सायकलभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "मावशी, याले गेर नाई?"

"गेर तुह्या मायले हाये. तिले बदलता येत नाई."

आसमा आतून ओरडली, "पोरीपुढं काई बी बोलू नको बे!"

रविवारी सकाळी निघालो. आसमानं तन्नूचीच सायकल घेतली, जांभळी, पुढं टोपलीवाली. म्हणाली, ज्या सायकलनं जायचं तीच पाह्यली पाह्यजे. तिचे गुडघे हॅंडलला लागत होते. टोपलीत भाकरी, ठेचा, उकडलेली अंडी. माझ्या कॅरियरला पंप, पंक्चरचं सामान आणि एक विळा बांधलेला.

निळ्या पाटीपासून पुढं रस्ता खरंच होता. डांबरी होता, चांगला होता, आणि थोडं अंतर गेल्यावर सरळ पाण्यात उतरत होता, घाटाच्या पायऱ्या उतराव्या तसा. डांबर पाण्याखाली दिसत होतं, त्याच्यावरून बोटाएवढे मासे चालले होते.

"बारमाही हाये," आसमा म्हणाली. "मासोळ्यांसाठी."

मग काठ धरला. धरणाचा फुगवटा म्हणजे एक पाणी नव्हे. पाणी मागं सरतं तेव्हा मागं जे राहतं ते ना रान असतं, ना तळं. डबकी, पाणकणसांची बेटं, अर्धी बुडालेली बाभळीची खोडं, त्यांच्यावर पंख पसरून वाळत बसलेले पाणकावळे. थंडीचं कोवळं ऊन गाळावर पडलं होतं आणि लांबवर केशरी बदकं एका सुरात कुरकुरत होती. एवढी शांतता मी वर्षात ऐकली नव्हती. गिरणीवाल्या बाईच्या कानात पट्टा सारखा फिरतच असतो. आम्ही सायकली ढकलत, मधेच कडक जमीन लागली की बसून, मजेत चाललो होतो. शाळेत असताना जानेफळच्या रस्त्यावर हात सोडून सायकल चालवायची शर्यत लावायचो, ते आसमानं पुन्हा करून दाखवलं आणि बाभळीच्या काट्यावर गेली. फुस्स.

पंक्चर काढायला पाण्याची काही कमी नव्हती. ट्यूब डबक्यात धरली, बुडबुडा सापडला, ठिगळ लावलं. पुढं पाणथळीत माजणाऱ्या बेशरमीच्या झुडपांचं जंगल लागलं. माणसाच्या डोक्यावर जाईल एवढी उंच, आत पाय घोट्याएवढ्या पाण्यात. सायकली खांद्यावर घेतल्या. फांद्या पायडलमध्ये अडकायच्या, मागं ओढायच्या. विळ्यानं वाट काढत अर्धी दुपार त्यातच गेली. बाहेर पडलो तेव्हा दोघींच्या हातांवर ओरखड्यांची जाळी होती.

आणि समोर सपाट मैदान. करडं, कोरडं, नजर जाईल तिथवर भेगाळलेलं. त्याच्या पलीकडं हिरवी रेघ दिसत होती, म्हणजे कोणाचं तरी पीक.

"सुटलो," आसमा म्हणाली. "भेगा पाह्य. पंजा जाईन एवढ्या. असं रान तं बैलगाडी पेलते."

मलाही तसंच वाटलं. काळ्या मातीतली पोरं आम्ही. हरभरा निघाला की जमिनीला भेगा पडतात, आणि भेग जेवढी रुंद तेवढी जमीन खोलवर वाळलेली, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही, पायांनाच माहीत आहे. त्याच पायांनी आम्हाला बुडवलं. कारण ती काळी माती नव्हती, धरणाचा गाळ होता. वर भाकरीचा पापुद्रा आणि खाली भिजवलेली कणीक.

आसमा पुढं होती. वीसेक पावलं घट्ट गेली. मग कर्र आवाज आला. तिचा एक पाय गुडघ्यापर्यंत आत! तिनं तो उपसायला दुसऱ्यावर भार दिला. दुसरा मांडीपर्यंत गेला. मी धावले. दोन ढांगांत माझाही पाय रुतला. मी पाठीवर पडले, म्हणून वाचले.

"हालू नको!" मी ओरडले. "आडवी हो. सायकलवर पड."

तिनं जांभळी सायकल आडवी केली आणि छातीनं तिच्यावर पडली. तरी कंबरेपर्यंत गाळ आला होता. मी पोटावर सरपटत मागं गेले. विळा घेतला. बेशरमी तोडली. कवळे भरभरून आणले, फेकले, त्यांच्यावर माझी सायकल टाकली, तिच्यावरून पुढं सरकले. पुन्हा मागं. पुन्हा तोडली. जे झाड ढोरंसुद्धा तोंडात घेत नाहीत त्याचा चांगला बिछाना होतो, हे त्या दिवशी कळलं.

"आसमे, बोलत राह्य."

"काय बोलू? चिखल लय थंडा हाये." थोडं थांबून, "पह्यले सायकल काढजो. मोडली तं तन्नू मले घरात घीन नाई."

तिच्या ओढणीचं एक टोक तिच्या, दुसरं माझ्या मनगटाला बांधलं. मी ओढत राहिले, ती फांद्या कवटाळून इंच इंच वर येत राहिली. एक पाय सुटला. मग दुसरा, चप्पल खालीच ठेवून. दोघी फांद्यांवर उताण्या पडून धापा टाकत राहिलो. वर आभाळ निळं, शांत. केशरी बदकांना आमचं काही सोयरसुतक नव्हतं.

बऱ्याच वेळानं आसमा म्हणाली, "तन्नू इथून एकटी चालली असती तं?"

मी तिच्या पायावरचा गाळ हातानं निपटून काढायला लागले.

"कोण हाये बे तिकडे?" लांबून बाईचा आवाज आला. "म्हशी फसल्या का मानसं?"

"मानसं!"

"मंग तं अक्कल नाई. म्हैस बी वास घेऊन पाय टाकते. उजव्या अंगानं या, पऱ्हाटी दिसन, तिच्यावरून."

उजव्या हाताला खरंच वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या पेंढ्या एकापुढं एक टाकल्या होत्या, कापसाच्या त्याच काड्या ज्या आम्ही चुलीत घालतो. त्या पायवाटेनं सायकली ढकलत आम्ही हिरव्या रेघेपर्यंत पोचलो. तिथं हाक मारणाऱ्या त्या बाईची, तानाबाईची, गाळपेर होती. धरणाचं पाणी मागं सरलं की उघड्या पडलेल्या गाळात काही लोक पेरतात, पुन्हा पाणी येईपर्यंत पिकवतात, ती गाळपेर. मेथी, वांगी, नुकतेच लावलेले टरबुजाचे वेल. उंचवट्यावर एक खोपी, खोपीपुढं तिचा नवरा कडूबा विडी ओढत बसलेला. त्यानं आमच्याकडं नीट पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "तुले म्हणत होतो ना, पाव्हणे येतीन म्हणून. पण रंगून येतीन हे माहीत नव्हतं."

तानाबाईनं पाणी तापवून दिलं, वांग्याची भाजी केली. भाजीत तेल कमी आणि तिखट भयंकर. आसमाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं तिखटानं. मी पाण्याचा गडू तिच्यापुढं सरकवला. रात्र खोपीतच काढली.

सोमवारी सकाळी तानाबाई मेथीच्या जुड्या डोक्यावर घेऊन दुसरबीडला निघाली, आम्ही तिच्या मागं. पऱ्हाटीची वाट अख्ख्या गाळातून वळणं घेत जात होती. कुठं जुन्या बुडालेल्या बांधावर चढायची, कुठं पाणकणसांच्या कडेनं. मग कडक मुरूम लागला. आम्ही सायकलींवर बसलो. थंड वारा तोंडावर, डाव्या हाताला पाणी चमकत होतं आणि त्याच्यावरून लाउडस्पीकरची गाणी येत होती. शाळेत झेंडावंदन चाललं होतं. आसमा अनवाणी पायडल मारत होती आणि गात होती, चुकीच्या शब्दांनी. समोर शाळेचं फाटक दिसलं. पोचलो! बोरखेडहून दुसरबीड, धरणाच्या काठानं, सातवीच्या पोरीच्या सायकलवर.

मागून तानाबाई येऊन टेकली. आसमानं तिचे दोन्ही हात धरले. "मावशी, जूनपासून माही पोरगी याच वाटेनं येईन. दिसली तं हाक मारत जाजो तिले."

"जूनमदी?" तानाबाईनं जुड्या खाली ठेवल्या. "अवो बाई, जूनमदी मीच राहत नाई तिथं. पह्यला पाऊस पडला की वाट पचपच करते, मंग आम्ही खोपी मोडून गावात येतो. पोळ्याले पाहाले ये. खोपीच्या जागी बांबू उभा केला तं शेंडा दिसत नाई."

आसमा फाटकापाशी सायकल टेकवून उभी राहिली. आतून पोरी दोन-दोनच्या रांगेनं बाहेर येत होत्या, हातात चॉकलेट, कागदी झेंडे. तेवढ्यात जावेदचा फोन आला.

मी तिच्या कानाशी म्हणाले, "सांग, सायकल गेली म्हणून. खोटं नाही. एकदा नाव पडू दे, पुढचं पुढं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. "अन् पोळ्याले तिले चिखलातून काढाले तू येशीन का जानेफळहून?"

मग फोन कानाला लावला. "हाव, पोचलो. सायकल गेली. पण पोरीले पाठवता येत नाई. नाई, रस्ता नाई तिथं. उन्हाळ्यापुरत्या काड्या टाकेल हायत एका बाईनं." पलीकडून जावेदचं "मंग?" एवढंच ऐकू आलं.

"मंग काय. तन्नूले मी सांगतो. तू नको सांगू."

मी म्हटलं, तन्नूला माझ्याकडं जानेफळला ठेव. आसमा म्हणाली, "ठेवीन. अन् तिच्या वर्गातल्या बाकीच्या पोरी? रुक्मिणीबाईची नात? इमामबीच्या दोघी? तुही गिरणी केवढी हाये?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ते माझ्याकडं असायलाही नको. म्हणून हे लिहिलंय, आणि ज्यांच्याकडं असायला पाहिजे त्यांना विचारते: पोळ्याच्या आठवड्यात, जेव्हा त्या गाळावर दोन पुरुष पाणी असतं, तेव्हा बोरखेडच्या पोरींनी आठवीच्या वर्गात कोणत्या वाटेनं जायचं? "पाहतो" हे उत्तर नाही. "वर पाठवलंय" हेही नाही. वाट असेल तर येऊन आमच्यासोबत चाला. नसेल तर पोरींच्या मायांसमोर उभं राहून नाही म्हणा. पण बोला. कधी बोलता?